शून्याचं टोक

टेपचं शून्याचं टोक धरणं, हे माझं काम.
दुसरं टोक तलाठी मॅडमच्या हातात.
मधे चिखल, मधे कुणाचं तरी घर.

पेंचचे दरवाजे उघडले त्या रात्री
भोंगा घेऊन गावभर मीच फिरलो होतो, दोन वाजता.
लोक निघाले. शेळ्या, सिलिंडर, पोरांची दप्तरं.
सदाराम वाघाडे टीव्ही डोक्यावर घेऊन निघाला
आणि रिमोटसाठी परत गेला.
तो वाचला, रिमोटही वाचला.
टीव्ही शाळेच्या वऱ्हांड्यात भिजला.

आज चौथा दिवस.
भिंत नऊ फूट, पडली सात.
कोंबड्या मेल्या असतील तर दाखवा.
टेपवरचे आकडे चिखलानं बुजलेत,
मॅडम ओढणीनं पुसतात, पुढे चालतात.

पंचफुला मांढरे रांगेत शेवटी.
घर?
"उंचावर हाय जी. काई नाई झालं."
जनावरं?
"नाई."
शेती?
"हाय ना."
गट नंबर सांगा.
ती कन्हानकडं बोट दाखवते.

तिथं पात्रात वाळूचं बेट होतं.
पाणी उतरलं की ती आणि तिची सासू
हातानं खड्डे करत, कोपरापर्यंत, ओल लागेस्तोवर.
मूठभर शेणखत, मग डांगराच्या, टरबुजाच्या बिया.
वाऱ्याला तुराट्यांची आड.
चैत्रात मौद्याच्या रस्त्यावर ढीग लावून बसत,
टरबुजाला टिचकी मारून
आत किती लाल ते न कापता सांगत.

नुकसान कोणत्या तारखेला झालं, बाई?
"झालं नाई जी अजून.
माघात होईल."

मॅडमचा पेन कागदावर टेकून राहिला.
तिथं शाईचा ठिपका मोठा होत गेला.

बेट आता खाली रेवनाथ ठवकरच्या धानात आहे.
नदीनं उचललं आणि त्याच्या बांधीत आणून ओतलं.
त्याचा पंचनामा मघाशीच झाला:
दीड एकर, गुडघाभर वाळू, जमीन खराब.
मीच टेप धरला होता.
हीच ती वाळू, हे तेव्हा
माझ्या डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी पंचफुला तिथं गेली.
रेवनाथ धुऱ्यावर बसून बिडी शोधत होता, ओल्या खिशात.
"तुह्या बांधीत माही वाळू हाय."
"घेऊन जा ना मंग."
"नेता नाई येत. लावता येते."

तो काही बोलला नाही.
हो नाही, नाही पण नाही.
बिडी पेटेना.

मला म्हणाली, कोतवाल, टेप आण.
मी सवयीनं शून्याचं टोक धरून उभा राहिलो.
"लांबी कायले पायजे बाप्पा? खाली सोड."

मग टेपही नको म्हणाली.
गुडघे टेकले, बाही वर केली,
हात घातला वाळूत, कोपरापर्यंत,
त्याच्याही पुढे.

ओल किती खोल लागली
ते तिनं आम्हाला सांगितलं नाही.