तळाशी थोडं पाणी

गाडी घेतली तेव्हा सगळ्यांनी
पडदे पाहिले, शेगडी पाहिली, घडीचा पलंग उघडून पाहिला.
टाकी कोणीच पाहिली नाही.
ती नव्हतीच दाखवायची गोष्ट.
मागच्या चाकाजवळ, पोटाखाली लपलेली
सत्तर लिटरची काळी पेटी,
जिच्यात आम्ही दोघं, निवृत्तीची गाणी गुणगुणत,
साठत जाणार होतो.

पचमढीहून परतताना मे महिना.
सावनेरपाशी पारा सेहेचाळीस
आणि टाकीने तोंड उघडलं.
प्रमोदिनी म्हणाली, खिडकी उघड.
उघडली. वास बाहेर गेला नाही, ऊन आत आलं,
आणि दोघं शेजारी शेजारी बसले मागच्या बाकावर
न बोलावलेल्या व्याह्यांसारखे.

तीस वर्षं मी पोरांना रसायनशास्त्र शिकवलं.
हायड्रोजन सल्फाइड : सडक्या अंड्याचा वास. लिहा.
लिहिलं त्यांनी. मार्क मिळाले.
आणि मी काय केलं?
फिनाईल ओतलं, अख्खी बाटली.
मग डांबरगोळ्या.
मग प्रमोदिनीच्या भाचीच्या लग्नातलं उरलेलं अत्तर.
वास गेला नाही,
नुसता नटला.

रिकामी तरी कुठे करायची?
मानकापूरच्या पंपावरचा पोरगा म्हणाला, इथं नाही काका.
झोनच्या कार्यालयात बाईंनी अर्ज काढला.
घर क्रमांक? घर चालतं आहे, म्हटलं.
मग वाहन लिहा. त्यात संडास आहे, म्हटलं.
रकाना नव्हता.
साडू म्हणाला, रात्री पुलावरून सोडून दे, कोण पाहते?
थांबवलीही गाडी मी नाग नदीच्या पुलावर.
खाली काळं पाणी सावकाश चाललं होतं.
अख्ख्या शहराने साडूचा सल्ला
माझ्या आधीच ऐकलेला.

शेवटी भांडेवाडी. शुद्धीकरण केंद्राचं फाटक,
रांगेत चार टँकर, आणि तुळशीदास बांते,
कानावर अर्धी विडी, हातात फाटका रबरी मोजा.
एकच मोजा.
झाकण उघडायच्या आधीच म्हणाला,
"फिनाईल टाकलं ना? काहून टाकता जी?
आतले जंतू मारून टाकले तुम्ही.
तेच तर कामाले होते. बिनपगारी."

मग वाकून वॉल पाहिला.
"हा उघडा ठेवता? मंग पाणी पळून जाते,
मागं गाळाचा डोंगर राहते.
बंद ठेवा, भरू द्या, मंग एका दमात सोडा.
अन् पाण्याची कंजूषी नाही करायची."

मी रुमाल नाकाला लावून मान डोलावत होतो.
"नाक काय धरता सर, पाइप धरा."

धरला.
तळहातात धडधडला तो,
पाणी पिणाऱ्या बैलाच्या गळ्यासारखा.

विचारायचं म्हणून विचारलं, किती वर्षं या कामात?
"मोटर आली त्याले बारा वर्षं झाली.
त्याच्या आधी आतमंधी उतरत होतो."
बस कुठे कुठे थांबते ते सांगावं, तसं सांगितलं.
"वास नाही मारत, सर.
वास याचा बंद झाला, का समजायचं."

हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो :
मात्रा वाढली की नाक बधिर होतं.
पाठ्यपुस्तकात तळटीप होती.
त्याला कुणी शिकवलं, मी विचारलं नाही.
तोच म्हणाला, "माह्या मोठ्या भावानं."
आणि पाइप झटकून गुंडाळायला लागला.

आता गच्चीत तीन बरण्या आहेत.
संत्र्याची सालं, गूळ, पाणी. तीन महिने.
रोज झाकण सैल करून वायू सोडावा लागतो,
नाहीतर फुटते. एक फुटलीही,
भिंतीवर अजून डाग आहे.
एक बाटली बांतेला नेऊन दिली.
हुंगून म्हणाला, लोणचं घातलं काय वहिनीनं?
पण ठेवून घेतली.
दुसऱ्या हाताचा मोजा मी न्यायला विसरलो.
दोनदा विसरलो.

टाकी रिकामी झाली की
प्रमोदिनी पुढच्या सीटवरून हाक मारते,
झालं का? निघायचं?
मी दोन बादल्या घेऊन उभा असतो.
थांब, म्हणतो,
तळाशी थोडं पाणी राहू दे.