विरजण

दहा महिने आमच्याकडे कुणी फिरकत नाही.
कंपाउंडच्या कडेला, बाभळीच्या अलीकडे,
तीन टाक्या, एक शेड
आणि हात तुटलेली एक खुर्ची.
फेब्रुवारीत दिंडोरीकडून ट्रॉल्या लागल्या
की वर द्राक्षं चेचली जातात,
आणि खाली माझ्याकडे उतरतं
फरशीचं धुणं, पिंपांचा तळ, सालं, बिया,
सांडून आंबट झालेला सगळा गोडवा.

गायधनीतात्यांनी पहिल्या दिवशी मला
मीटर दाखवलेच नाहीत.
म्हणाले, डोळे मीट. वास घे.
नांगरलेल्या वावरासारखा आला तर निवांत डबा खा.
कुजक्या अंड्यासारखा आला तर पळत जाऊन ब्लोअर बघ.
काहीच आला नाही,
तर मात्र घाबर.

तात्या, यात असतं तरी कोण?
तुझ्या सासरी आहेत त्याहून जास्त माणसं, म्हणाले,
एका थेंबात.
आणि सगळी खाती.

सतरा तारखेला, तिसऱ्या पाळीत,
टाक्या धुवायच्या कॉस्टिकचा व्हॉल्व्ह
कुणाकडून तरी उघडा राहिला.
कुणाकडून, ते अजून कुणाला आठवत नाही.
सकाळी मी आले तर कठड्यावरून पांढरा फेस
गवतात उतरलेला, कागद गर्द निळा.
उभ्या नळकांड्यात पाणी भरून बसले.
अर्ध्या तासात तळाशी बसायचा तपकिरी गाळ
तास झाला, दीड तास झाला,
तरंगतच होता, घर चुकल्यासारखा.
वाकून वास घेतला.
पुन्हा घेतला.

साहेब आले. किती वेळ लागेल दुरुस्तीला?
म्हटलं, साहेब, मेलेत.
कोण? ते केवढ्यांदा दचकले!
मला हसू आलं, तेव्हाच डोळ्यांत पाणीही.
बोट टाकीकडे केलं तर म्हणाले,
असं बोलत नका जाऊ, मॅडम.

पिंपळगावच्या केचप कारखान्यात सुलभा मोगल आहे,
आयटीआयला माझ्याच बाकावर बसायची.
फोन केला. किती हवंय? दोन टँकर.
ने की, म्हणाली, पण आमच्याकडे मीठ फार,
तुझ्या पाण्यात रुळायला वेळ घेतील.
तिन्हीसांजेला विरजण देऊ नये म्हणतात.
टँकर निघाला तेव्हा
त्यांच्या गेटवरचा दिवा नुकताच लागला होता.

मग चमच्याचमच्याने.
साखर इथे उदंड, पण नत्र नाही,
म्हणून युरिया, मोजून, बाळाच्या औषधासारखा.
वाण्याकडून नव्हे, शेजारच्या गोठ्यातून दोन पाट्या शेण.
वरून फोन: ट्रॉल्या थांबल्यात, अजून किती पाणी घेता?
मी म्हणायचे, आज एवढंच.
चौथ्या दिवशीही एवढंच.
सहाव्या दिवशी फोन आपटल्याचा आवाज आला
आणि रात्रभर ब्लोअर घरघरत राहिला,
दमेकऱ्याच्या उशाशी बसावं तशी मी
हात तुटलेल्या खुर्चीवर.

अकराव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली
राखाडी पसाऱ्यात, एका काडीच्या टोकाला
डुलत होती देठावरची घंटा.
दचकली, आखडली,
पुन्हा हळूच उघडली.
तात्यांना येवल्याला फोन लावला.
हल्ली त्यांना नीट ऐकू येत नाही.
ओरडले, तात्या, एक दिसली!
ती एकटी नसते गं, म्हणाले,
नीट बघ.

नमुन्याची बाटली घेऊन प्रयोगशाळेकडे जाताना
चव घ्यायच्या दालनावरून जावं लागतं.
पुण्याहून आलेला कुणी ग्लासात नाक घालून
सांगत होता बायकोला:
जांभूळ आहे, थोडी लवंग,
आणि शेवटी, अगदी शेवटी, माती.
तिला काही येत नव्हती.
मी थांबले नाही.

रजिस्टरात रकाने आहेत
रंगाला, पीएचला, गाळाला.
वासाला नाही.
शेऱ्याच्या जागेत, सहीच्या वर,
बारीक अक्षरात लिहिलं:
आला.