टाचण्यांच्या सावल्या

मुनाफभाई फ्रेमचे पैसे मागतो.
सागवान, चारी कोन शाबूत, तीनशे.
"आतली बाई अशीच घेऊन जा, मास्तर,
मले तिचं काय काम?"

परतवाडा ते पथ्रोट, एसटीत
बाई माझ्या मांडीवर, रद्दीत गुंडाळलेली.
शेजाऱ्याच्या पोत्यातल्या संत्र्यांचा वास
तिलाही लागला असेल.

एकतीस वर्षं मी तारखेचा शिक्का मारला.
पत्रांवर, मनिऑर्डरींवर, तारांवर;
रोज सकाळी आकडा फिरवून
कालच्या दिवसाला अंगठ्यानं मागं ढकललं.
आता बिनतारखेची माणसं जमवतो.
घरात एकशे बारा आहेत. नात्यातलं एकही नाही.

आधी पुठ्ठा बघायचा.
हा जाड, कडा तिरप्या कापलेल्या,
सोनेरी मुलामा अजून नखाला लागतो.
म्हणजे अठराशे नव्वदच्या अलीकडचा.
मागं छापलेल्या गावातलं
वाळवीनं ‘उमरा’ तेवढं ठेवलंय.

मग बाई.
झालरीची खुर्ची, मागं रंगवलेला खांब
आणि वऱ्हाडात कुणी न पाहिलेलं सरोवर.
लुगड्याच्या घोळाआडून लोखंडी पाय डोकावतो,
मान धरून ठेवणाऱ्या आकड्याचा.
हलू नका, म्हणाला असेल तो, दहा मोजेपर्यंत.
ती हलली नाही.
मांडीवरचं पोर हललं.
त्याला चेहरा नाही, नुसती घाई आहे.
ही सगळी तऱ्हा पंचाहत्तरची, फार तर ऐंशीची.

पुठ्ठ्याचं आणि बाईचं जमेना.
तीन रात्री शिसपेन्सिलीनं साल लिहिलं,
खोडलं. वहीचा कागद तिथं पातळ झालाय.

चौथ्या दुपारी खिडकीच्या उन्हात
भिंग चुकून कोपऱ्याकडे सरकलं.
एक काळा ठिपका, त्याला तिरपी सावली.
दुसऱ्या कोपऱ्यात तसाच.
चारी कोपऱ्यांत.
टाचण्या!

फोटोचा फोटो.
कुणीतरी जुना, बहुधा एकुलता एक,
फळीवर टाचून
तिला पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसवलं.
या खेपेला आकडा लागला नाही.
पोरही गप्प राहिलं,
तरी पुसटच आलं.

तर दोन सालं आहेत.
एक, ती बसली ते.
दुसरं, कुणाला तिची गरज पडली ते.
कुणाला?
मला वाटतं त्या पोरालाच, मिसरूड फुटल्यावर.
पण पुसट पत्ता आपल्या मनानं पुरा करू नये,
एवढं खात्यानं शिकवलं.

वहीत लिहिलं:
बाई, मांडीवर मूल. १८७५ ते ८०.
पुन्हा, १८९० नंतर.
फ्रेम रु. ३००.

पुढच्या गुरुवारी मुनाफभाईनं
पोत्याखालून तिची जोडीची फ्रेम काढली.
तेच सागवान, तीच नक्षी.
आत कुणी नव्हतं,
काचेमागं पुठ्ठ्यावर एक फिकट चौकोन.
"हिचे दोनशेच द्या," म्हणाला.