अंगठ्याची खोड

एकशे पंचेचाळीस मीटर.
मध्ये एक ओढा, थोडी लव्हाळी,
पलीकडे टेकडीला रेललेली फळी,
तिच्यावर लाल गोल, इथून डाळिंबाच्या दाण्याएवढा.

तोंग्योंगच्या या धनुर्माळावर
मी सगळ्यांत उशिरा आलेली, अठ्ठावन्नाव्या वर्षी,
हातांना अजून खाऱ्या पाण्याचा वास.

ग्वाक दोक-सम म्हणतात,
"हेंग-जाबाई, तुम्ही दोरी सोडत नाही.
उचकटता."

खरं आहे.
एकतीस हिवाळे मी कालवं फोडली,
किलोवर पैसे.
आखूड सुरी, रबरी बूट, समोर शिंपल्यांचा ढीग.
सांध्यात टोक घालायचं, अंगठ्यानं रेटायचं,
मनगट एवढंसं फिरवायचं, कट्.
दिवसाला किती, कोणी मोजलं?
अंगठ्यानं मोजलं.
तो आता दुसरं काही ऐकत नाही.

शिंगाची अंगठी त्याच्यात चढवते,
दोरी तिच्या कडेत बसवते,
वरून तर्जनीचं कुलूप,
ओढते, गालावरून मागे, मागे,
आणि नेमक्या त्या क्षणी
अंगठा झटकतो. कट्.
जणू दोरीच्या पोटातही मांस आहे
आणि मागे मुकादम उभा आहे.

बाण वळवळत जातो.
दोरी माझ्या डाव्या हातावर सही करते,
निळी, मग हिरवी, मग पिवळी.
सून विचारते, "आई, हे काय?"
मी म्हणते, "शिक्षण."

सल्ले पुष्कळ मिळाले.
ढिली हो. विचार करू नको. श्वास सोड.
किराणावाले प्यो म्हणाले, सुटताना हात मागे उडवा,
पाखराच्या शेपटीसारखा.
उडवला. टोपी पडली.
शेवटी ग्वाकनी बाणच काढून घेतले.
महिनाभर एकच बाण, खांबाला दोरानं बांधलेला,
गेला की हिसका खाऊन परत येणारा,
दाव्याच्या करडासारखा.
आम्ही दोघं एकमेकांना कंटाळलो.

परवा रात्री अंगणात निखाऱ्यांवर कालवं मांडली.
पाहुणे होते, सुरी सापडेना.
बसून राहिले.
बराच वेळ काहीच नाही.
कवचावरचं पाणी वाळलं, कड पांढरी पडली,
आणि एकानं, आपण होऊन,
तोंड उघडलं.

हे पूर्वी पाहिलं नव्हतं असं नाही.
खाणाऱ्याच्या नजरेनं पाहिलं होतं.
फोडणाऱ्याच्या, कधीच नाही.

आज सकाळी उबेच्या कपाटातून धनुष्य काढलं.
म्हशीचं शिंग, बैलाच्या नसा, माशाचा गोंद;
दमट हवेत तेही अंग टाकतं.
ओढलं.
अंगठ्याला म्हटलं, बाबा, तू कवच आहेस, सुरी नाहीस.
निखारे मागे आहेत, दोन्ही फऱ्यांच्या मध्ये.
अजून थोडे.
थोडे.
थांबले नाही, घाईही केली नाही,
पाठ रुंदावत गेली,
खाली बंदरात बोटीचा भोंगा वाजला

आणि दोरी नव्हती.

एवढंच कळलं, की हातात नव्हती.
अंगठा तसाच वाकलेला, रिकामा,
कानाशी एक कोरडा, स्वच्छ आवाज.
डाव्या हातावर सही नाही.

बाण? फळीच्या चार हात अलीकडे, गवतात.
पलीकडून पोरानं झेंडा खाली पाडला: आखूड.
बाकीच्यांचे बाण तारेवरच्या डब्यातून खडखडत परत येत होते.
ग्वाक चहा पीत होते.
त्यांनी कप खाली ठेवला नाही,
पण फुंकर मारायचे थांबले.

"पुन्हा," म्हणाले.

पुन्हा ओढलं.
कट्.