आतली पट्टी, बाहेरची पट्टी

पाऊस थांबून सहा तास झाले
तरी डोंगरातलं पाणी येतंच आहे,
वादीतून, रस्त्यांवरून, बांधकामाच्या खड्ड्यांतून,
रास अल खैमाच्या या खोदीव कालव्यात,
जिथे एरवी फक्त हौशी बोटी ये-जा करतात
आणि मी, दोन दारांचा राखणदार,
बटण दाबून त्यांना वर-खाली करतो.

आतली पट्टी: दोन पस्तीस.
बाहेरची: दोन पन्नास.
म्हणजे समुद्रच वर.
आत्ता दार उघडलं तर पाणी जायचं नाही, यायचं.
हे मी फोनवर कितव्यांदा तरी सांगतो आहे.
बेचाळीस नंबरच्या व्हिलाचा रखवालदार रेजी म्हणतो,
भाईसाब, तळघरात गाडी तरंगतेय.
तरंगू दे. ओहोटी लागली की बघू.

वडील नीरेच्या डाव्या कालव्यावर पाटकरी होते.
कंदील, सायकल, कमरेला दारांची चावी.
रात्रभर चाऱ्या धुंडायचे,
कुणी कुलूप उचकटलं, कुणी भराव फोडला.
त्यांच्या वहीत एक रकाना होता, तूट.
तो कधी रिकामा राहिला नाही.
घरात तांब्या लवंडला तर ओरडायचे नाहीत,
खाली बसून बोटानं रेघ ओढायचे
आणि सारवलेल्या जमिनीवरून ते ओंजळभर पाणी
कढीपत्त्याच्या आळ्यापर्यंत नेऊन सोडायचे.

माझ्या वहीत त्याच जागी छापलंय: जादा.
चार वर्षं मी तिथे आडवी रेघ मारत आलो.

दोन वाजता सुहैल अल शिही आला,
साहेब माझा, कंदोरा गुडघ्यापर्यंत खोचलेला.
काही बोलला नाही. पट्टीवर बॅटरी मारली.
आतली दोन एकेचाळीस, बाहेरची दोन त्रेचाळीस.
दुर मुहम्मदनं थर्मासमधला चहा ओतला
आणि तिघं उभे राहिलो, लग्नात मुहूर्ताला थांबतात तसे,
पाण्याच्या दोन बोटं फरकाकडे बघत.

मग दोन्ही सारख्या झाल्या.
ती वेळ सगळ्यात फसवी. काहीच हलत नाही,
वाटतं आता उघडावं. मी हात खिशात ठेवला.

तीन दहाला बाहेरची खाली गेली.
आधी झडप, वीतभर.
मग आणखी वीतभर.
मग दार.

गढूळ पाणी, चॉकलेटी, फेसाळ,
एक प्लास्टिकची खुर्ची, खजुराच्या झावळ्या,
एका पायाची चप्पल, कुणाचं तरी हेल्मेट,
सगळं घाईघाईनं काळ्या आखातात.
मी वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं.
खारट नव्हतं.

सुहैलनं गाडीतून रिकामी बाटली आणली,
गुडघ्यावर बसून भरली, झाकण लावलं.
म्हणाला, माझी आजी डोंगरावर बिरकेतलं पाणी
वाटीनं मोजून द्यायची, पाहुण्याला आधी.
बाटली त्यानं पुढच्या सीटवर ठेवली
आणि तिला पट्टा लावला.

आमच्याकडे एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं
म्हणजे हक्क संपला.
पाण्यावरच पाणी सोडायला काय म्हणतात
ते मला ठाऊक नाही. मी रकान्यात आकडा लिहिला,
अंदाजे, कारण दाराला मीटर नाही.

सात वाजता गोड्या पाण्याचा टँकर आला,
शुद्ध केलेलं समुद्राचं पाणी,
बेचाळीस नंबरला, धुवायला.
पावतीवर सही मीच केली, फाटक माझ्याकडे असतं.

मग बारामतीला फोन लावला.
भावानं वडिलांच्या कानाशी धरला, ओरडून सांगितलं,
दादानं रात्री दार उघडलं, खूप पाणी सोडलं.
वडील बराच वेळ गप्प. पलीकडे कुणीतरी ताट घासत होतं.
मग त्यांनी कामातलंच विचारलं:

टेलला पोचलं का?

मी बाहेर बघितलं. चॉकलेटी पट्टा
दीडेक मैल आत गेला होता आणि निळा होत होता.

पोचलं, म्हटलं.