वेंटची तार

राजारामपुरी, अकरावी गल्ली. खाली एक्स-रे, वर तेरदाळे मॅडम.
दर बुधवारी, पहिली पाळी सुटल्यावर,
नखांतली काळी वाळू तशीच घेऊन मी जिना चढतो.
चपला बाहेर. कधी पाच जोड, कधी सात.

पहिल्या दिवशी वाटलं होतं, विचारतील,
एवढा राग का येतो तुम्हाला?
तसलं काय विचारलंच न्हाई.
म्हणाल्या, दार कधी फोडलंत?
मंगळवारी.
त्याच्या आधी काय झालं?
बायको बोलली.
त्याच्या आधी?
आणि असं मागं मागं,
जसं बाद झालेलं कास्टिंग हातात धरून शोधतात
खोट वाळूत होती, वाळूच्या ओलीत,
की ओतणाऱ्याच्या मनगटात.
दार. त्याआधी वैजयंताचं ‘परत?’
त्याआधी उद्यमनगरात रिजेक्ट झालेल्या चाळीस पंपांच्या बॉड्या,
त्याआधी न उघडलेला जेवणाचा डबा,
त्याआधी छताकडं बघत काढलेल्या तीन रात्री.
दार सगळ्यात शेवटी होतं.
मी आपला समजत होतो, तिथनंच सुरुवात होते.

एक कार्ड दिलंय. रोज भरायचं.
राग किती, शून्य ते पाच. लाज किती.
काय करावंसं वाटलं.
काय केलं.
हे शेवटचे दोन रकाने वेगळे असतात
हे कळायला मला एकोणचाळीस वर्षं लागली.

गटात नसीम आहे, बी.कॉम.ची. मे महिन्यातही लांब बाह्या.
कागलचे एक रिटायर मास्तर,
बोलता बोलता थांबतात नि पंख्याकडं बघत बसतात.
नसीमनं एकदा विचारलं, काका, भट्टीपुढं भीती वाटत न्हाई?
म्हटलं, लोखंडाची न्हाई. वाफेची.
साचा कितीही घट्ट ठोकला तरी
तारेनं त्याला बारीक भोकं पाडावी लागतात.
न्हाईतर रस ओतल्यावर आतली वाफ जाणार कुठनं?
उसळून तोंडावर येते.
मास्तर हसले. पहिल्यांदाच.
मॅडमनी वहीत कायतरी लिहून घेतलं.
त्या दिवशी मी जिना जरा ताठ मानेनं उतरलो.

म्हणून लगेच साधू झालो असं न्हाई.
दोन महिन्यांनी पोराचा मोबाईल भिंतीवर.
कार्डावर राग पाच, लाज पाच,
पाचाच्या पुढं रकानाच नव्हता.
मॅडमनी वाचलं. म्हणाल्या, भरून आणलंत, बरं केलंत.
आता पृथ्वीला काय सांगणार?
चौदाशे डिग्रीपुढं उभं राहिलोय मी, बावीस वर्षं.
हे त्याहून अवघड गेलं.

काल रात्री मालकाचा फोन.
फोन ठेवला तेव्हा कानशिलं ठणकत होती.
समोर दार. दाराला नवी फळी, अजून बिनरंगाची.
फ्रीज उघडला. बर्फाचा ट्रे पिळला,
दोन खडे मुठीत धरून उभा राहिलो.
गार. मग झोंबणारं. मग हात आपला न्हाईच असं.
पाणी कोपरावरनं फरशीवर.
पृथ्वी उठून आला.
पप्पा, काय करालाय?
थांबालोय, म्हटलं.
स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातनंच बघत राहिला, बराच वेळ.
मग ओल टाळत, एकेक फरशी सोडत
जवळ आला नि हात पुढं केला.

एक खडा त्याला दिला.