अस्तनी

रुवीत, बस स्टँडमागच्या गल्लीत
गझनफर मास्तर माप घेतात.
"शोल्डर साडेअठरा. चेस्ट बयालीस.
स्लीव्ह फुल या हाफ?"
पोऱ्या वहीत उतरवतो, उजवीकडून डावीकडे.
स्लीव्हसुद्धा त्या लिपीत किती डौलात वळते!
मला वाचता येत नाही, तरी बघत राहतो.

फोन वाजतो. गुजराँवाल्याहून मुलगी:
"अब्बू, डिनर कर लिया? टेन्शन मत लेना,
फीस सबमिट हो गई."
"ओके बेटा," म्हणतात मास्तर,
तोंडातल्या टाचण्या न काढता.

सहज विचारलं,
तुमचे वडील काय म्हणायचे स्लीव्हला?
टेप गळ्यात तसाच.
पंख्याच्या दोन-चार गिरक्या.
"आस्तीन," म्हणाले, जरा लाजून,
माळ्यावरचं भांडं पाहुण्यापुढे ठेवावं तसं.
"मगर कस्टमर समझता नहीं."

कस्टमर मीच. आणि मला समजलं होतं.
आमच्याकडे आहे की तो शब्द,
अस्तनीतला निखारा.
सदऱ्याची केव्हाच बाही झाली,
अस्तनी उरली ती फक्त निखाऱ्यापुरती.
चिपळुणात कुणी शिंप्याला
"अस्तनी सैल ठेव" म्हटलेलं
मी तरी ऐकलं नाही.

हे त्यांना सांगायचं होतं.
पण निखाऱ्याला हिंदीत काय म्हणतात
ते ऐन वेळी आठवेना,
आणि मास्तर पावती फाडत विचारत होते,
"डिलिव्हरी थर्सडे, चलेगा?"

म्हटलं, डन.